रक्तदानासाठी माणसे तयार करताना

रक्तदानाचे महत्त्व अमान्य करणारा माणूस क्वचितच भेटतो. रक्त कारखान्यात तयार होत नाही, ते माणसाकडूनच घ्यावे लागते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तरीही रक्त देऊ शकणाऱ्यांच्या तुलनेत प्रत्यक्ष रक्त देणारे फार थोडे असतात. म्हणून या कामाला हात घालणाऱ्याने भाषणाची तयारी करण्याआधी हे ध्यानात घ्यावे की, समोरच्याला बहुधा सगळे पटलेलेच असते. अडचण असते ती पटल्यापासून रक्तपेढीच्या दारापर्यंतच्या अंतरात, आणि त्याहूनही जास्त, पहिल्या रक्तदानापासून दुसऱ्या रक्तदानापर्यंतच्या अंतरात. या लेखातील बहुतेक सूचना याच दोन अंतरांविषयी आहेत.

थेट विचारावे, आणि नेमके विचारावे

रक्त का दिले नाही असे कोणाला विचारले, तर भीती, वेळ, प्रकृती अशी कारणे पुढे येतात. पण थोडे खोलात गेल्यावर अनेकांचे खरे उत्तर ‘मला कोणी कधी विचारलेच नाही’ असे निघते. फलक, घोषवाक्ये आणि सर्वांना एकदम धाडलेले संदेश यांना विचारणे म्हणता येत नाही, कारण सर्वांना उद्देशून केलेल्या आवाहनात प्रत्येकाला आपण सोडून बाकीचे सगळे दिसतात. ओळखीच्या माणसाने नाव घेऊन विचारलेला प्रश्न मात्र टाळता येत नाही. त्याला हो किंवा नाही असे उत्तर द्यावेच लागते.

संघटित स्वेच्छा रक्तदानाचा आरंभही असाच झाला. १९२१ साली लंडनमधील किंग्ज कॉलेज रुग्णालयातून ब्रिटिश रेड क्रॉसच्या कॅम्बरवेल शाखेकडे एका रुग्णासाठी रक्तदाता हवा असल्याचा निरोप आला. शाखेचे चिटणीस पर्सी लेन ऑलिव्हर आणि त्यांचे काही सहकारी लगोलग रुग्णालयात गेले आणि त्यांच्यापैकी एका परिचारिकेचे रक्त जुळले. तोवर रक्त लागले की नातेवाइकांकडे धाव घ्यावी लागे, नाहीतर पैसे घेऊन रक्त देणारा शोधावा लागे. ऑलिव्हर यांनी त्यानंतर, बोलावल्यावर येण्याची तयारी असलेल्या स्वयंसेवकांची रक्तगटासह यादी केली आणि गरज पडेल तसे त्यांतील एकेकाला बोलावण्याची व्यवस्था उभी केली. लोकांच्या मनात दडलेल्या परोपकारबुद्धीची वाट पाहत ते बसले नाहीत. ठरावीक माणसाला ठरावीक वेळी त्यांनी सरळ बोलावले, हे त्यांच्या कामाचे मर्म होते.

आजही तोच मार्ग धरावा. ‘कधीतरी रक्तदान करायला हवे’ या वाक्याला सगळे मान डोलावतात आणि कोणीही उठत नाही. त्याऐवजी ‘शनिवारी सकाळी दहाला मी रक्तपेढीत जाणार आहे, तू माझ्याबरोबर येशील का?’ असे विचारले, तर दिवस, वेळ, ठिकाण आणि सोबत या चारही गोष्टी एकाच वाक्यात ठरून जातात. पहिल्यांदा रक्त देणाऱ्याच्या दृष्टीने यातील सोबत सर्वांत मोलाची असते. नोंदणी कुठे करायची, कोणता अर्ज भरायचा, कुठे बसायचे असल्या किरकोळ अनिश्चिततेनेच पुष्कळ माणसे मागे फिरतात. विचारणारा स्वतः रक्तदाता असेल तर उत्तमच. पण वय, आजार किंवा औषधे यांमुळे ज्याला रक्त देता येत नाही, त्यानेही संकोच बाळगू नये. ‘मला देता येत नाही, म्हणून तुला विचारतो आहे’ हे वाक्य कोणत्याही घोषवाक्यापेक्षा प्रामाणिक असते, आणि ते ऐकणाऱ्याला भिडतेही.

भीतीशी वाद घालू नये

सुईची भीती वाटते असे कोणी सांगितले की त्याला हसणे किंवा ‘मुंगी चावल्यासारखे वाटते’ असे सांगून विषय संपवणे ही नेहमीची चूक आहे. सुई टोचताना दुखते; थोडे आणि थोडाच वेळ दुखते, पण दुखते. हे आधी मान्य केल्याने पुढे सांगायच्या गोष्टींवरचा विश्वास वाढतो. ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन यांचे उदाहरण अशा वेळी जरूर सांगावे. त्यांना १४ व्या वर्षी छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी इतरांचे पुष्कळ रक्त चढवावे लागले होते. आपणही हे ऋण फेडायचे असे ठरवून त्यांनी १९५४ पासून रक्त द्यायला सुरुवात केली, आणि २०१८ मध्ये वयोमर्यादेमुळे थांबेपर्यंत १,१७३ वेळा दान केले. त्यांच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तातील द्रवभागात, एक दुर्मीळ प्रतिपिंड (अँटिबॉडी) होते. त्यापासून बनणारे इंजेक्शन निगेटिव्ह रक्तगटाच्या (आरएच निगेटिव्ह) गर्भवती स्त्रियांना देऊन गर्भातील बाळाच्या लाल पेशी नष्ट होण्याचा धोका टाळता येतो, आणि त्याचा लाभ सुमारे २४ लाख बाळांना झाला असे मानले जाते. या माणसाला सुईची भीती वाटत असे, आणि त्यांनी सुई आत जाताना एकदाही पाहिले नाही. भीती गेल्यावर रक्त द्यायचे असे ठरवून ते बसले असते, तर त्यांनी एकदाही दान केले नसते.

भीतीवर तर्कापेक्षा माहिती अधिक उपयोगी पडते, म्हणून पुढे काय काय होणार ते क्रमाने सांगावे. आधी अर्ज आणि आरोग्याविषयीचे प्रश्न, मग वजन, रक्तदाब आणि बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबावर हिमोग्लोबिनची तपासणी, त्यानंतर प्रत्यक्ष रक्त घेणे. याला साधारण आठ ते दहा मिनिटे लागतात. मग दहा-पंधरा मिनिटे विश्रांती आणि काही खाणेपिणे. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत सुमारे तासभर जातो. ‘पाच मिनिटांचे काम आहे’ असे सांगून आणलेला माणूस विसाव्या मिनिटालाच घड्याळ पाहू लागतो, आणि पुढच्या वेळी आपल्या शब्दावर विश्वास ठेवत नाही.

भोवळ येण्याची भीतीही पुष्कळांना वाटते आणि ती अगदीच निराधार नसते. तरुण, कमी वजनाच्या आणि पहिल्यांदा रक्त देणाऱ्या व्यक्तींना घाम येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असा त्रास इतरांपेक्षा जास्त होतो. तो बहुधा सौम्य असतो आणि पाय उंच करून आडवे केल्यावर काही मिनिटांत ओसरतो. पण ज्याला असा त्रास झाला तो पुन्हा येण्याची शक्यता घटते, म्हणून तो होऊ न देणे हाही प्रेरणेचाच भाग मानावा. यासाठी तीन साधे उपाय आहेत. उपाशीपोटी येऊ नये. रक्त देण्याआधी थोडाच वेळ सुमारे अर्धा लिटर पाणी प्यावे. आणि रक्त जात असताना मांड्या, नितंब व पोट यांचे स्नायू काही सेकंद ताणून सैल सोडावेत. हे अधूनमधून करत राहिल्याने रक्तदाब एकदम उतरत नाही, शिवाय मनालाही काहीतरी काम मिळते.

अशक्तपणाच्या शंकेला खरे उत्तर द्यावे

‘मला अशक्तपणा येईल’ ही शंका सर्वत्र ऐकू येते. प्रौढ माणसाच्या शरीरात वजनाच्या दर किलोमागे साधारण ७० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसात चार लिटरहून थोडे अधिक. एका वेळी घेतले जाते ते ३५० ते ४५० मिलिलिटर, म्हणजे दहाव्या हिश्शाच्या आसपास. रक्तातील द्रवभाग एक-दोन दिवसांत भरून निघतो आणि लाल पेशी भरून निघायला काही आठवडे लागतात. इथवर बहुतेक प्रचारक सांगतात आणि थांबतात. लोहाची गोष्ट मात्र राहून जाते. ४५० मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते, आणि ते नुसत्या आहारातून भरून निघायला कित्येक महिने लागू शकतात. म्हणून मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांनी आणि वारंवार रक्त देणाऱ्यांनी दोन दानांमधील अंतर काटेकोरपणे पाळावे व लोहाविषयी डॉक्टरांना विचारावे, हे आपण होऊन सांगावे. हे सांगितल्याने दाते घटतील अशी धास्ती आयोजकांना वाटते. परंतु अर्धवट माहितीवर आलेल्या दात्याचे हिमोग्लोबिन पुढच्या खेपेला कमी भरले, की रक्तदानानेच आपली प्रकृती बिघडली असा त्याचा ग्रह होतो, आणि तो चार जणांना तसे सांगतो.

याच कारणाने रक्तदानाच्या आरोग्यलाभांच्या गोष्टींपासूनही दूर राहावे. रक्त दिल्याने हृदयविकार टळतो, वजन उतरते, ‘जुने रक्त जाऊन नवे येते’ असे दावे सर्रास केले जातात. लाल पेशी तशाही सुमारे १२० दिवस जगतात आणि शरीर त्या रोजच बदलत असते; त्यासाठी कोणालाही रक्तदान करावे लागत नाही. हृदयविकाराबाबतचे अभ्यास निर्णायक नाहीत, कारण मुळात निरोगी असलेलीच माणसे रक्त देतात. दात्याला रक्तदाब आणि हिमोग्लोबिन कळते, इतका लाभ निश्चित आहे. रक्त दुसऱ्यासाठी दिले जाते, हे कारण पुरेसे भक्कम आहे. त्याला खोट्या औषधाची जोड देऊ नये.

‘माझा रक्तगट सर्वसाधारण आहे, माझी काय गरज?’ हा प्रश्न तुलनेने कमी ऐकू येतो, पण तो मनात बाळगणारे पुष्कळ असतात. ओ निगेटिव्ह रक्ताच्या लाल पेशी तातडीच्या वेळी जवळजवळ कोणालाही देता येतात, याचा इतका गाजावाजा झाला आहे की बाकीच्यांना आपण बिनमहत्त्वाचे वाटू लागलो आहोत. जो गट समाजात जास्त आढळतो, तोच रुग्णांमध्येही जास्त आढळतो आणि त्याच गटाच्या पिशव्या सर्वांत जास्त लागतात. एबी गटाच्या माणसाचे रक्त इतर गटांना चालत नसले, तरी त्याचा प्लाझ्मा सर्व गटांच्या रुग्णांना देता येतो. हे ऐकून एबी गटाची माणसे चकित होतात, आणि बहुतेकदा खूशही होतात.

आकड्यांपेक्षा एका माणसाची गोष्ट

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ११ कोटी ८५ लाख रक्तदाने होतात, आणि त्यांपैकी सुमारे ४० टक्के जगाची अवघी १६ टक्के लोकसंख्या असलेल्या श्रीमंत देशांत होतात. धोरण आखणाऱ्याला हे आकडे हवेतच. समोर बसलेल्या तरुणाला मात्र त्यांतून आपण काय करायचे हे कळत नाही. कोट्यवधींच्या राशीत आपल्या एका पिशवीने काय फरक पडणार, असेच त्याला वाटते. त्याला थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या एका मुलाविषयी सांगावे, ज्याला दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि तारीख जवळ आली की ज्याचा चेहरा पांढुरका पडतो, पायऱ्या चढताना ज्याला धाप लागते. किंवा बाळंतपणात अचानक झालेल्या रक्तस्रावाविषयी सांगावे, जिथे रक्त शोधायला जाण्याइतका वेळच नसतो आणि पेढीत आधीपासून ठेवलेली पिशवीच उपयोगी पडते. अशी गोष्ट खऱ्या रुग्णाची असेल, तर त्याची किंवा त्याच्या पालकांची परवानगी घ्यावी आणि ओळख उघड करू नये. रक्ताने माखलेली छायाचित्रे दाखवू नयेत. ती पाहणाऱ्याला आधीच असलेल्या भीतीची आठवण करून देतात.

‘एका रक्तदानाने तीन जीव वाचतात’ हे वाक्य जरा जपून वापरावे. एका पिशवीपासून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स असे घटक वेगळे करता येतात आणि ते वेगवेगळ्या रुग्णांना देता येतात, हे खरे आहे; पण प्रत्येक पिशवीचे तसे होतेच असे नाही, आणि एकेका रुग्णाला अनेक पिशव्याही लागतात. ‘तीन जणांपर्यंत उपयोग होऊ शकतो’ असे म्हटल्याने काही बिघडत नाही.

घटकांच्या टिकाऊपणाविषयी मात्र अवश्य सांगावे, कारण ‘आता कशाला, गरज पडेल तेव्हा देईन’ या युक्तिवादाचे उत्तर त्यात आहे. लाल पेशी शीतपेटीत ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स बहुतेक ठिकाणी अवघे पाच दिवस, आणि गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर. तपासण्या आणि घटक वेगळे करणे यांत आधीच वेळ जातो, त्यामुळे अपघातानंतर धावत आलेल्या दात्याचे रक्त त्याच क्षणी त्या जखमीला चढत नसते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत रक्त देण्यासाठी प्रचंड रांगा लागल्या. वाचलेल्या जखमींची संख्या कमी असल्याने तेवढ्या रक्ताची गरजच पडली नाही, आणि जमा झालेले बरेच रक्त मुदत संपून टाकून द्यावे लागले. त्या रांगांतील लोकांची भावना खरी होती. त्यांच्याशी बोलणाऱ्या कोणी त्यांना दोन महिन्यांनंतरची तारीख दिली असती, तर ती अधिक उपयोगी पडली असती. मोठ्या दुर्घटनेनंतर आपल्याकडे विचारणा वाढली, की नावे आणि रक्तगट लिहून घ्यावेत, पेढीची खरी गरज विचारावी आणि लोकांना पुढच्या आठवड्यांत वाटून बोलवावे. सुट्ट्यांच्या काळात नेहमीचे दाते गावाला गेलेले असतात; असे ओसाड दिवस आधी हेरून ठेवावेत.

दबाव, बक्षीस आणि लाज

या कामात उत्साहाने केलेली एक गोष्ट थेट रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, आणि ती म्हणजे दबाव. दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस आदींसाठी तपासणी होते. पण संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसू लागेपर्यंत मध्ये काही काळ जातो. या काळात घेतलेले रक्त चाचणीत निर्दोष ठरूनही रुग्णाला संसर्ग देऊ शकते. तिथे दात्याचा प्रामाणिकपणाच रुग्णाला वाचवतो. वरिष्ठांनी नावांची यादी लावली आहे, वर्गातील सगळे देत आहेत, नाही म्हटले तर चर्चा होईल, अशा वातावरणात माणूस प्रश्नावलीतील नाजूक प्रश्नांची खरी उत्तरे देईलच याची खात्री नसते. म्हणून संस्थेत शिबिर घेताना रक्त देणाऱ्यांची टक्केवारी जाहीर करू नये, विभागाविभागांत चढाओढ लावू नये आणि कोणी तपासणी कक्षातून रक्त न देता बाहेर आला तर कारण विचारू नये. रक्त दिल्यानंतरही ‘माझे रक्त वापरू नका’ असे गुपचूप कळवण्याची सोय अनेक रक्तपेढ्यांत असते. ती आपल्याकडे आहे का हे आधीच विचारून घ्यावे आणि असल्यास सर्वांना सांगावी.

पैशांबाबतही असाच सावधपणा हवा. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे झालेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. रक्तदाता होण्यासाठी आरोग्य तपासणीला या, असे काही जणांना नुसतेच विचारले गेले, तर काहींना त्यासाठी छोटी रक्कम देऊ केली गेली. स्त्रियांमध्ये तयार होणाऱ्यांचे प्रमाण पैशांविना ५२ टक्के होते, ते पैसे देऊ केल्यावर ३० टक्क्यांवर आले. ती रक्कम सेवाभावी संस्थेला देण्याची मुभा ठेवताच ही घट नाहीशी झाली. पुरुषांमध्ये असा ठळक फरक दिसला नाही. एका प्रयोगावरून जगभराचा नियम काढता येत नाही, आणि लहानशा भेटवस्तूंनी दात्यांची संख्या वाढल्याची उदाहरणेही आहेत. पण आपण होऊन केलेल्या कृतीला किंमत चिकटवली की काहींच्या नजरेत ती उणी ठरते, एवढे यातून दिसते. शिवाय मोठे बक्षीस हाही एक दबावच असतो आणि तोही खरी माहिती लपवायला भाग पाडतो. आभाराचे पत्र, बिल्ला, खाणेपिणे आणि शक्य असल्यास कामातून मोकळा केलेला अर्धा दिवस यांपलीकडे जाण्याची गरज सहसा पडत नाही.

ज्याला परत पाठवले जाते, तो

हिमोग्लोबिन कमी भरणे, नुकतीच घेतलेली औषधे, ताप, अलीकडे गोंदवून घेतलेले अंग अशा कारणांनी कितीतरी इच्छुकांना त्या दिवशी नकार मिळतो. मन घट्ट करून आलेल्या माणसाला हा नकार अपमानासारखा लागतो, आणि तात्पुरता नकार मिळालेले बरेच जण पुन्हा कधीच येत नाहीत. यावर दोन उपाय आहेत. पहिला, बोलावतानाच वय, वजन, हिमोग्लोबिन, औषधे आणि दोन दानांमधील अंतर यांविषयीचे आपल्या देशातील नियम सांगावेत. हे नियम सगळीकडे सारखे नाहीत; नुसत्या अंतराचेच पाहिले, तर अमेरिकेत ते ५६ दिवस आहे, तर ब्रिटनमध्ये पुरुषांसाठी १२ आणि स्त्रियांसाठी १६ आठवडे. त्यामुळे ऐकीव माहिती न सांगता पेढीकडून लिखित यादी घ्यावी. दुसरा उपाय म्हणजे, नकार मिळालेल्याला ‘या वेळी जमले नाही’ एवढ्यावर न सोडता तो पुन्हा कधी पात्र होईल ती तारीख सांगावी आणि हिमोग्लोबिन कमी निघाले असेल तर डॉक्टरांना दाखवायला सांगावे. आभार त्याचेही मानावेत.

पहिल्यानंतर दुसरे

आयोजकांचा बहुतेक जीव किती पिशव्या जमल्या यात अडकलेला असतो. पेढीला मात्र पुन्हा पुन्हा येणारे दाते हवे असतात, कारण त्यांचे रक्त वारंवार तपासलेले असते, त्यांना नियम माहीत असतात आणि त्यांच्या भरवशावर महिन्याचा अंदाज बांधता येतो. दुसरे रक्तदान पहिल्यानंतर लवकर झाले, तर माणूस नियमित दाता होण्याची शक्यता वाढते. वर्ष उलटले की ती सवय जडणे कठीण जाते. म्हणून नवख्या दात्यासाठी खर्च करायचे कष्ट रक्त घेऊन झाल्यानंतरच्या दिवसांसाठी राखून ठेवावेत.

दुसऱ्या दिवशी एक फोन करावा आणि हात दुखतो का, थकवा आहे का, एवढेच विचारावे. त्या फोनमध्ये पुढच्या दानाचा विषय काढू नये. त्याचे रक्त वापरले गेल्याचे पेढी कळवू शकत असेल, तर ते अवश्य कळवायला लावावे. स्वीडनमध्ये दात्याचे रक्त रुग्णाला दिले गेले की दात्याच्या मोबाइलवर तसा संदेश जातो. रुग्णाचे नाव त्यात नसते, आणि त्याची गरजही नसते. पुन्हा पात्र होण्याची तारीख उजाडण्याच्या आठवडाभर आधी दुसरा निरोप धाडावा, आणि तोही पहिल्या वेळेसारखाच दिवस, वेळ व सोबत ठरवून.

यासाठी लागते ती एक साधी वही: नाव, रक्तगट, दानाची तारीख, पुढची तारीख आणि कसे बोलावलेले आवडते याची नोंद. ही माहिती दात्याच्या संमतीने ठेवावी, कोणाला दाखवू नये आणि नकाराची वैद्यकीय कारणे त्यात कधीही लिहू नयेत. ज्याने नाही म्हटले, त्याला पुन्हा विचारले तर चालेल का, हे त्याच वेळी विचारून घ्यावे. चालेल म्हणाला तर काही महिन्यांनी एकदा विचारावे. नको म्हणाला तर त्याचे नाव वहीतून काढावे. वयामुळे किंवा आजारामुळे ज्यांना आता थांबावे लागले आहे, त्या जुन्या दात्यांकडे ही वही सोपवता आली तर फारच चांगले, कारण पहिल्या सुईची भीती आणि तिसऱ्या खेपेचा आळस हे दोन्ही त्यांनी अनुभवलेले असतात आणि फोनवर काय बोलायचे हे त्यांना शिकवावे लागत नाही.